तारा लावण्याआधी जबडा शांत करणारं क्लिनिक: माझा अडीच वर्षांचा अनुभव

मी निफाड तालुक्यातल्या एका बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारतो. सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, बरोबर व्यापाऱ्यांचा घोळका असतो, आणि एकेका गाडीपाशी थांबून भाव चढवत न्यायचा. भाव ठरला की पुढची गाडी. लाल कांद्याची आवक जोरात असली की जेवायलाही सवड मिळत नाही. पंधरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे माझं तोंड उघडेनासं झालं तेव्हा ते दुखणं नुसतं दाताचं राहिलं नाही, घराच्या चुलीपर्यंत आलं. नाशिकच्या या क्लिनिकमध्ये मी जून २०२२ ते डिसेंबर २०२४ असे अडीच वर्षं उपचार घेतले. सगळं संपून आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांचा जबडा कानाजवळ वाजतो आणि कुणीतरी ‘तारा लावा, सगळं ठीक होईल’ असं सांगितलंय, त्यांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

माझ्या उजव्या कानापुढे २०१९ पासून वाजायचं. जांभई दिली, मोठा घास घेतला की ‘टक’. पंगतीत शेजारी बसलेल्याला ऐकू जायचं एवढा आवाज, पण दुखत नव्हतं, म्हणून लक्ष दिलं नाही. दात लहानपणापासूनच वाकडे. वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा दात आत वळलेला, आणि खालचे पुढचे एकावर एक चढलेले. २०२१ च्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका दवाखान्यात दात साफ करायला गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, जबडा वाजतो तो दात वाकडे असल्यामुळे; तारा लावल्या की दातही सरळ होतील आणि जबडाही गप्प होईल. चाळीस हजार सांगितले. मी पंचवीस भरले आणि त्याच आठवड्यात तारा लावून घेतल्या. कानापुढे बोट ठेवून कुणी बघितलं नाही. तोंड किती उघडतं ते मोजलं नाही. एक ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्सरे काढला, तेवढंच. तिसऱ्या महिन्यात वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत ताणून बसवायचे रबर दिले, रात्रंदिवस लावायला. दोन दिवसांत कानशील ठणकायला लागलं. फोन केला तर उत्तर आलं, ‘सवय होईल, लावत राहा.’

मार्च २०२२ मध्ये एका सकाळी उठलो आणि ब्रश तोंडात जाईना. रबर काढले, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, काही नाही. ‘टक’ आवाज मात्र पूर्ण बंद झाला होता, आणि मला क्षणभर बरंच वाटलं, की चला, आवाज तरी गेला. आरशात तोंड उघडून पाहिलं तेव्हा हनुवटी उजवीकडे ओढली जात होती आणि दोन बोटंसुद्धा दातांमधून आत जाताना अडत होती. आवाज जाणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

त्या दिवशीही लिलाव होता. आमच्या आकड्यांत ‘आ’ फार. अकरा, बारा, तेरा, सतरा, अठरा, सगळे शेवटी तोंड उघडायला लावतात. जबडा खाली जाईना, म्हणून सतराशे असं काही निघालं की एका जुन्या व्यापाऱ्याने हात वर करून विचारलं, ‘भाऊ, सोळा का सतरा?’ लिलावात हा प्रश्न पुकारणाऱ्याला कुणी विचारायचा नसतो. समोर ट्रॉलीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या क्विंटलमागे शंभर रुपये त्यात अडकलेले असतात. मी पुन्हा पुकारलं, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

कान दुखत होता म्हणून आधी नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासला, स्वच्छ आहे म्हणाले, मग दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून मला तोंड उघड-मीट करायला लावलं आणि सांगितलं, हे जबड्याच्या सांध्याचं दुखणं आहे, दातवाल्यांकडे जा, पण सांधा बघणाऱ्यांकडे. या क्लिनिकचा पत्ता त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिला. इथल्या डॉक्टर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, यात नवल काही नाही. हा आजार बरीच वर्षं ज्यांच्या नावाने ओळखला गेला ते कॉस्टेन हे अमेरिकेतले कानाचेच डॉक्टर होते. त्यांनी १९३४ साली लिहून ठेवलं की मागच्या दाढा गेल्या की सांधा दबतो आणि कानाच्या तक्रारी येतात. त्यांचं ते कारण पुढे टिकलं नाही, पण पेशंट आजही आधी कानवाल्याकडेच जातो.

आता या क्लिनिकबद्दल. मॅडम ऑर्थोच्या, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेच्या एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी) आहेत, राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला आहे. सांध्याच्या पेशंटसाठी ओरल मेडिसिनचे, म्हणजे तोंडाचे आणि जबड्याचे आजार बघणारे एक सर दर गुरुवारी येतात. माझी पहिली तपासणी दोघांनी मिळून केली, जवळजवळ पाऊण तास. पहिला प्रश्न दाताचा नव्हताच. ‘सुपारी, गुटखा, मावा काही?’ मी सुपारी चार वर्षांपूर्वी सोडली होती, तसं सांगितलं. सरांनी हातमोजा घालून दोन्ही गालांच्या आतून बोट फिरवलं. नंतर समजावलं की सुपारीने गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे येतात, गाल ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. आपल्याकडे तोंड न उघडणाऱ्या माणसात आधी ते बघावं लागतं, कारण पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. माझे गाल मऊ होते. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथं घाई नाही, आधी शोधतायत.

मग छोट्या पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. २४ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं चाळीसच्या पुढे हवं, म्हणजे आपली स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. कानशिलावर, गालावर, हनुवटीच्या कोनापाशी दाबून ‘इथं दुखतं का, नेहमीचंच दुखणं आहे का हे’ असं विचारत गेले आणि कागदावर टिपत गेले.

सांध्याचं काम मला मॅडमनी कवटीच्या मॉडेलवर दाखवलं. जबड्याच्या टोकाचा गोल आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना गोल आधी जागच्या जागी फिरतो आणि मग चकतीला घेऊन पुढे घसरतो. माझी चकती पुढे सरकली होती. सुरुवातीला तोंड उघडताना गोल उडी मारून तिच्यावर चढायचा, तो ‘टक’. आता चकती इतकी पुढे जाऊन दुमडली होती की गोल तिच्यावर चढतच नव्हता, म्हणून आवाज गेला आणि तोंड अडकलं. मला लगेच समजलं. ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागरीत कांदा अडकला की फाळका अर्ध्यातच थांबतो, जोर लावला तर बिजागरी वाकते. मी तसं बोललो तर मॅडम म्हणाल्या, ‘अगदी हेच. म्हणून आपण जोर लावायचा नाही.’

खात्रीसाठी एमआरआय करायला लावला, कारण चकती साध्या एक्सरेत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. एकदा तोंड मिटून आणि एकदा दातांत ठोकळा धरून उघडं, असा. उजवी चकती पुढे अडकलेली, डावीही थोडी सरकलेली पण परत जागेवर येणारी. हाड मात्र दोन्हीकडे शाबूत. हाड झिजत असेल तर तारा लावायचा विषयच पुढे ढकलावा लागतो, असं सरांनी सांगितलं. सांधा झिजत राहिला तर खालचा जबडा मागे जात राहतो आणि तारांनी जुळवलेले दात पुन्हा फाकतात.

मग मॅडमनी जे सांगितलं, त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. त्या म्हणाल्या, ‘तारांनी हा सांधा बरा होणार नाही. तसं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं आहे. पण वरचा आत वळलेला दात खालच्या दातावर आपटतोय, खालच्या दाताची हिरडी खाली गेलीय, तो खालचा दात हलायला लागलाय. तारा लावायच्या तर त्यासाठी. आणि त्याही आत्ता नाही.’ आधी सांधा शांत, तो किमान तीन-चार महिने न दुखता राहिला की मग दात. समोर पैसे द्यायला तयार असलेला माणूस बसलाय आणि डॉक्टर म्हणतायत, थांबा. हे मला फार मोठं वाटलं.

मी रागात होतो. विचारलं, आधीच्या डॉक्टरांवर केस करू का? त्यांनी मला शांतपणे सांगितलं की रबर दुखत असताना चालू ठेवायला नको होते आणि आधी सांधा तपासायला हवा होता, एवढं नक्की. पण चकती तारांमुळेच सरकली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण आवाज त्याच्या दोन वर्षं आधीपासून होता. मग म्हणाल्या की १९८७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये असाच दावा गाजला होता, दात काढून तारा लावल्यामुळे जबड्याचा सांधा बिघडला असा. निकाल पेशंटच्या बाजूने लागला आणि तिथल्या ऑर्थोवाल्यांचं धाबं दणाणलं. त्यानंतर या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झाले. त्यांतून एकंदर एवढंच निघालं की नीट केलेल्या तारांच्या उपचारांनी सांध्याचा आजार सहसा होतही नाही आणि जातही नाही. मी पंचवीस हजार सोडून दिले. त्याचं वाईट अजूनही वाटतं.

त्यांनी आधीच्या तारा पूर्ण काढल्या आणि वरच्या दातांवर बसणारं कडक, पारदर्शक स्प्लिंट बनवलं. माप घेताना तोंड मोठं उघडावं लागतं, तर त्यांनी तो लगदा भरलेला ट्रे न वापरता पेनासारख्या स्कॅनरने माप घेतलं, दर दोन मिनिटांनी थांबून. स्प्लिंट फक्त रात्री. दिवसभर घालायचं नाही, कारण सतत घातलं तर दातच सरकू शकतात. पहिल्या महिन्यात तीनदा बोलावून निळा कागद चावायला देऊन ते घासून सारखं केलं, जेणेकरून दोन्ही बाजूंना एकाच वेळी दात टेकतील.

खरं काम मात्र दिवसा होतं. ‘न’ म्हणताना जीभ टाळूला जिथं टेकते तिथं जीभ, ओठ मिटलेले आणि दात एकमेकांपासून सुटे. जेवणं-गिळणं सोडलं तर दातांनी एकमेकांना शिवायचंच नाही. मला वाटायचं मी दात आवळत नाही. मॅडमनी सांगितलं, नजरेला पडेल अशा जागी खुणा लावा आणि खूण दिसली की दात तपासा. माझ्या बायकोने तिच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि फोनच्या मागे, मोटारसायकलच्या टाकीवर, जेवणाच्या डब्यावर, माझ्या लिलावाच्या वहीच्या कोपऱ्यावर एकेक लाल टिकली चिकटवली. पहिल्या दिवशी मोजलं. वहीवरची टिकली दिसली तेव्हा दहापैकी आठ वेळा दात घट्ट आवळलेले. पुकारताना नाही, तर पुकारून झाल्यावर, बोली येण्याची वाट बघताना. पंधरा वर्षं मी त्या तीन-चार सेकंदांत दात आवळत आलो होतो, आणि दिवसातून किती वेळा ते देवच जाणे. त्या टिकलीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या मशीनने नाही.

फिजिओथेरपीच्या ताईंकडे आठ वेळा गेलो. हातमोजा घालून खालच्या दाढेवर अंगठा ठेवून त्या जबडा हळूच खाली-पुढे ओढायच्या. घरी दिवसातून सहा वेळा, सहा-सहा उघडझापी, आणि गरम ओलं फडकं पंधरा मिनिटं. खाणं मऊ. आई बाजरीची भाकरी दुधात कुस्करून ठेवायची, आमटीत भिजवून ठेवायची. मेतकूट-भात, खिचडी, पिठलं, नाचणीची आंबील यांवर तीन महिने काढले. कणीस, चिक्की, पेरू, ऊस बंद. मिसळीतली शेव पूर्ण भिजेपर्यंत थांबायचो. समितीच्या सचिवांना क्लिनिकने पत्र दिलं, त्यावर मला दोन महिने वजनकाट्याच्या पावत्या लिहायचं काम मिळालं. परत पुकारायला लागलो तो गळ्यात अडकवायचा छोटा माईक घेऊन, तोही मॅडमनीच सुचवला होता. शाळेतल्या शिक्षिका वापरतात तसला, दीड हजारांचा.

तोंड उघडण्याचं माप जुलैत २९ मिलिमीटर, सप्टेंबरात ३६, दिवाळीनंतर ४०. चकती जागेवर आली म्हणून नव्हे, हे सरांनी स्पष्ट केलं. चकती बहुधा पुढेच राहिलीय. तिच्या मागचा भाग हळूहळू तिचं काम करायला शिकतो आणि स्नायू सैल पडतात. पुष्कळ जणांचं असंच होतं, सुई किंवा ऑपरेशनपर्यंत जावं लागत नाही.

आणि एक गोष्ट अशी घडली की थांबण्याचा अर्थ मला डोळ्यांनी दिसला. सांधा शांत झाल्यावर मॅडमनी पुन्हा स्कॅन घेतला आणि जूनचा आणि जानेवारीचा चावा, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात कसे बसतात ते, स्क्रीनवर शेजारी ठेवले. जूनमध्ये वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषा जवळजवळ जुळत होत्या. जानेवारीत खालची रेषा दोन मिलिमीटर डावीकडे होती. म्हणजे दुखणाऱ्या स्नायूंनी जबडा उजवीकडे ओढून धरला होता आणि तो खोटा चावा होता. त्या खोट्या चाव्यावर दात जुळवले असते तर दुखणं थांबल्यावर सगळं परत चुकलं असतं. मॅडम म्हणाल्या, ‘भिंत ओळंब्यात आहे की नाही हे जमीन हलत असताना बघून उपयोग नाही.’ मी बराच वेळ ते दोन फोटो बघत बसलो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तारा लागल्या. साध्या धातूच्या. मी पारदर्शक अलाइनरबद्दल, म्हणजे तारांऐवजी दातांवर घालायच्या प्लास्टिकच्या साच्यांबद्दल विचारलं होतं. त्याचे एक लाख चाळीस हजार सांगितले आणि सोबत हेही सांगितलं की सांध्यासाठी अमुकच प्रकार चांगला असं काही सिद्ध झालेलं नाही. दिसण्यासाठी हवं असेल तर घ्या, सांध्यासाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. दाढा काढल्या नाहीत. खालच्या दातांमधून कागदासारख्या पातळ पट्टीने किंचित घासून जागा केली.

प्रत्येक भेटीत आधी तोंड किती उघडतं ते मोजायचे, मग तारेला हात. दाढांमध्ये रबरी ठोकळा द्यायचे, म्हणजे तोंड उघडं धरायला स्नायूंना ताण पडत नाही, आणि दहा मिनिटं झाली की ठोकळा काढून विश्रांती. त्यांच्या असिस्टंट ताई घड्याळ लावायच्या. एकदा तार अर्धी बसलेली असताना घड्याळ वाजलं आणि मॅडमनी खरोखर हात थांबवला. आत गेलेला दात पुढे आणताना तो खालच्या दाताला अडू नये म्हणून दाढांवर निळ्या रंगाचे दोन छोटे उंचवटे चिकटवले. मला भीती वाटली की यानेच सांधा पुन्हा अडकेल. दोन्ही बाजूंना कागद लावून, घासून, चार वेळा तपासूनच घरी सोडलं. दात सात आठवड्यांत बाहेर आला आणि उंचवटे काढले.

मार्च २०२४ मध्ये रबर लावायची वेळ आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी आधी कारण सांगितलं, मग हलके रबर दिले, फक्त रात्री, आणि फोन नंबर लिहून दिला. दहाव्या दिवशी उजव्या कानापुढे ठणका लागला. रात्री नऊ वाजता मेसेज केला. दहा मिनिटांत मॅडमचा फोन, ‘आत्ता काढा, आणि मी सांगेपर्यंत लावू नका.’ तीन आठवडे बंद ठेवले, स्प्लिंटऐवजी तारांवर बसेल असं मऊ गार्ड काही रात्री दिलं, मग आणखी हलके रबर. उपचार त्यामुळे लांबले. पण त्याच दुखण्याला एका ठिकाणी ‘सवय होईल’ हे उत्तर मिळालं होतं आणि दुसरीकडे ‘आत्ता काढा’.

डिसेंबर २०२४ मध्ये तारा निघाल्या. पकडीने एकेक तुकडा सोडवताना कट्कन आवाज होतो आणि जबड्याला हिसका बसू शकतो, म्हणून दातांत कापसाची गुंडाळी चावायला दिली आणि ताईंनी हनुवटी खालून धरून ठेवली. दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवलीय, आणि रात्री घालायला नवं स्प्लिंट, जे दातही धरून ठेवतं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. वेळ दिलेली चारची आणि खुर्चीवर बसायला सव्वापाच, असं किमान सहा-सात वेळा झालं. शनिवारी तर नक्कीच. निफाडकडून एसटीने येऊन ठक्कर बाजारला उतरायचं, तिथून रिक्षा, आणि परतीची गाडी चुकली की रात्र होते. बाहेरगावच्या पेशंटचा विचार त्यांनी करायला हवा. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आईला दाताची कवळी तिथंच बनवायची होती, ती जिना चढू शकली नाही. शेवटच्या स्प्लिंटचे वेगळे पाच हजार लागतील हे सुरुवातीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी बोललो तर मॅडमनी चूक मान्य केली, पण पैसे लागलेच. एकदा गणपतीच्या सुट्टीत दाढेवरची कडी सुटून गालाला टोचत होती आणि दोन दिवस फोन कुणी उचलला नाही. मेणाची गोळी लावून वेळ काढला.

खर्च जसा झाला तसा सांगतो. पहिली तपासणी ५००, एक्सरे १,०००, एमआरआय बाहेर ८,५००, पहिलं स्प्लिंट ७,०००, फिजिओ ३,२००, तारा ५२,००० (सोळा हजार आधी आणि मग महिन्याला तीन हजार, बारा महिने, बिनव्याजी), शेवटचं स्प्लिंट ५,०००. एकूण ७७,२००. माझ्या विम्यातून यातलं काहीच मिळालं नाही.

जाणार असाल तर जुने एक्सरे, जुनी औषधं आणि आधीच्या तारांचे कागद सोबत न्या, आणि पहिल्या भेटीला गुरुवार मागा, म्हणजे दोघेही डॉक्टर भेटतात. कधीपासून वाजतं, कधी अडकलं, सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, हे घरीच लिहून न्या. तिथं सगळं विचारतात आणि आठवत नाही. तारा एका महिन्यात हव्या असतील, लग्न ठरलंय म्हणून घाई असेल, तर इथं तुमचं जमणार नाही.

गेल्या भेटीत माझं माप ४२ भरलं. डावीकडे अजूनही कधी कधी ‘टक’ होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आवाज पूर्ण जाईलच असं नाही, आणि न दुखणाऱ्या आवाजाच्या मागे लागायचं नाही. हलणारा तो खालचा दात घट्ट झालाय. उन्हाळ कांदा चाळीतून निघायला लागलाय, गळ्यातला माईक अजून ठेवलाय, वहीवरची टिकली पडली की बायको नवी लावते. काल सतराशे पन्नास पुकारलं, शेवटच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं. पुढची तपासणी दिवाळीत, मार्केट बंद असेल तेव्हा.